रस्त्याकडे तोंड असलेली घरं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या महात्मा फुले मंडईपासून, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटपासून, उत्तरेला जे. जे. रुग्णालयाच्या दिशेने चालू लागलं की सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यात जी वस्ती लागते, तिला बाहेरचे लोक एकाच नावाने ओळखतात: मुसलमानी मोहल्ला. मी मराठीत कविता लिहितो हे कळल्यावर पुष्कळदा मला विचारलं जातं, "तुमच्या त्या भागात मराठी कोण बोलतं हो?" मी सांगतो, माणसं बोलोत न बोलोत, जमीन बोलते. तिथल्या जागांची नावं बघा. डोंगरी, खडक, उमरखाडी, चिंचबंदर, मांडवी, पायधुणी. डोंगरीला टेकडी होती, खडकावर खडक होता. उमरखाडी ही उंबराची खाडी. मांडवी म्हणजे जकातीची जागा. आणि बेटाबेटांमधून भरतीचं पाणी आत शिरायचं तेव्हा ते तुडवून आलेला माणूस जिथे पाय धूत असे, ती पायधुणी. या सगळ्या परिसराला मुसलमानी म्हणणाऱ्यांनी तो निदान एकदा मराठीत वाचावा.

भेंडीबाजाराचंही तसंच. इंग्रज साहेब क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या भागाला 'बिहाइंड द बाजार' म्हणत आणि त्याचा भेंडीबाजार झाला, अशी एक गोष्ट सगळे मोठ्या चवीने सांगतात. मला ती कधीच पटली नाही. फुले मंडईची इमारत १८६९ साली पुरी झाली. साहेबाच्या तोंडून निसटलेल्या दोन शब्दांवर अख्खी वस्ती आपलं नाव ठेवील, हे मुंबईकरांच्या स्वभावात बसत नाही. समुद्राकाठी भेंडीचं झाड होतं, पिवळ्या फुलांचं. फणसवाडी, वडाळा, चिंचपोकळी अशी झाडांवरून नावं ठेवणाऱ्या शहरात भेंडीबाजारही झाडाचाच असणार. पण साहेबाची गोष्ट आपल्याला जास्त आवडते, कारण तीत साहेब आहे.

कवीला इमारतींवर बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारील. माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं. वास्तुशास्त्राचं एकही पुस्तक मी परीक्षेसाठी वाचलेलं नाही. पण घर ही अशी वस्तू आहे की ते बांधतो एक, त्यात राहतो दुसरा आणि ते बघतो सारा गाव. मी या तिसऱ्याच्या हक्काने बोलतो. आणि या तिसऱ्याच्या हक्काने माझी इमारतींना लावायची एक कसोटी आहे. इमारत आत किती सुंदर आहे हे मी दुसऱ्यांदा बघतो. आधी बघतो ती हे की, जो तिच्यात राहत नाही, नुसता समोरून चालला आहे, त्याच्याशी ती कशी वागते.

या कसोटीवर या भागातली पहिल्या नंबरची इमारत मी जामा मशिदीला ठरवतो. शेख मेमन स्ट्रीटवरची ही मशीद कोकणी मुसलमानांनी उभी केली. जुन्या गॅझेटियरात तिची हकिकत आहे. जहाजाच्या दोरखंडांचा व्यापार करणाऱ्या एका कोकणी मुसलमानाची तिथे बाग होती आणि बागेत मोठं तळं होतं. मशिदीला जागा द्यायला तो तयार झाला, पण एका अटीवर: तळं शाबूत राहिलं पाहिजे. काम १७७५ साली सुरू झालं आणि जागेच्या मालकीचे वाद मिटून मशीद तयार व्हायला १८०२ साल उजाडलं. अट पाळली गेली. आजही मशिदीच्या पोटात ते तळं आहे. त्याला जिवंत झरे आहेत, उतरायला पायऱ्या आहेत, त्यात मासे फिरतात, आणि पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानींनी मशिदीचा भार पेलला आहे. ज्या शहराने आपली बहुतेक तळी बुजवून त्यांवर मैदानं, दुकानं आणि थांबे बांधले, त्या शहरात एका व्यापाऱ्याची ही अट मला फार मोठी वाटते.

या मशिदीचं साल ज्या शब्दांत सांगितलं आहे, तेही तुम्हाला सांगतो. अरबी-फारसी लिपीत प्रत्येक अक्षराला एक अंक नेमून दिलेला असतो. एखाद्या घटनेचं साल सांगायचं तर ज्या अक्षरांची बेरीज तेवढी होईल असे शब्द शोधायचे, अशी कवींची रीत. जामा मशिदीसाठी शब्द सापडले 'जहाज-ए-आखिरत', म्हणजे परलोकीचं जहाज. जहाजची अक्षरं ३, ५, १ आणि ७. आखिरतची १, ६००, २०० आणि ४००. कागद घेऊन बेरीज करा, १२१७ येते. हिजरी सन १२१७ म्हणजेच इसवी सन १८०२. पाण्यावर उभी असलेली मशीद, दोरखंडवाल्याची जमीन, दर्यावर्दी लोकांची जमात, आणि नाव जहाज. कवितेत एवढं जमून यायला नशीब लागतं.

आणि आता माझी कसोटी. या मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला दुकानं आहेत. त्यांच्या भाड्यावर मशिदीचा खर्च चालावा ही जुनी व्यवस्था. काही शिष्ट लोकांना हे खटकतं. देवाच्या घराला बाजार चिकटलाय म्हणतात. मला ते बरोबर वाटतं. नमाजाला न जाणारा माणूसही त्या भिंतीपाशी थांबतो, भाव करतो, सावलीला उभा राहतो. रस्त्याकडे पाठ करून बसलेली ती इमारत नाही.

डोंगरीच्या इमामवाड्यापाशी दुसरी एक मशीद आहे, लोक तिला मुगल मशीद म्हणतात. मोगलांशी तिचा संबंध नाही. मुंबईत इराणी माणसाला मुगल म्हणायची चाल होती, त्यातून ते नाव पडलं. हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती १८६० साली बांधली. तिला घुमट नाही. दोन मिनार आहेत, आणि दर्शनी भिंतीवर निळ्या फरशांचं असं काम आहे की मे महिन्यातही डोळ्यांना गारवा वाटावा. आत झाडं आहेत, हौद आहे. सौंदर्यात ती जामा मशिदीच्या वरचढ आहे हे मी मान्य करतो. पण तिची बाग तिने आत ठेवली आहे. रस्त्याला ती फक्त दार दाखवते. इराणची घरं तशीच असतात. दोष नाही, रीत वेगळी आहे.

मग मोहम्मद अली रोडवरची मिनारा मशीद. ही मेमनांची. दिवसा बघितली तर, स्पष्ट सांगतो, मला ती भडक वाटते. पण रमजानच्या रात्री तिच्यावर दिवे लागतात, खालच्या गल्लीत मालपुवे, फिरनी आणि कबाबांचा धूर एकमेकांत मिसळतो आणि शहराच्या कानाकोपऱ्यातून हरेक धर्माचे लोक तिथे ढकलाढकली करत उभे असतात, तेव्हा तो भडकपणा कामाला आलेला दिसतो. जत्रेच्या दीपमाळेला कुणी संयमित हो म्हणत नाही.

आणि भेंडीबाजाराच्या आत, जुन्या चाळींच्या गर्दीत, पांढऱ्या संगमरवराची रौदत ताहेरा. दाऊदी बोहरा समाजाचे ५१वे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांची ही समाधी १९७५ साली खुली झाली. आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण कोरलेलं आहे. तिचे वास्तुविशारद याह्या मर्चंट मुंबईचेच. कराचीतला जीनांचा मकबराही त्यांचाच. एकाच माणसाच्या हातून सीमेच्या अल्याड आणि पल्याड दोन संगमरवरी समाध्या उभ्या राहिल्या, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकात कुठे येत नाही.

ही चारही स्थळं चालण्याच्या अंतरावर आहेत. एक कोकणी, एक इराणी, एक मेमन, एक बोहरा. चारही मुसलमानांची आणि चौघांचा चेहरा एकमेकांशी जुळत नाही. म्हणून कुणी 'मुस्लिम वास्तुकला' असा एकवचनी शब्द वापरला की मी कान टवकारतो. आणि हे मी दुसऱ्यांनाच सांगत नाही, माझ्या लोकांनाही सांगतो. आमच्या कोकणातल्या जुन्या मशिदी कौलारू होत्या. लाकडी खांब, उतरतं छप्पर, पावसाला पाठ देणारी पडवी. लांबून बघणाऱ्याला ते गावातलं एक ऐसपैस घरच वाटे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आखाती देशांतून पैसा आला आणि त्यातल्या कितीतरी पाडून तिथे स्लॅब आला, घुमट आला. कोकणच्या पावसात सपाट स्लॅब गळतो, मग त्यावर पत्रा येतो. कौलं काढून पुन्हा पत्र्याखाली जाणं याला मी प्रगती म्हणत नाही. मशीद मशिदीसारखी दिसली पाहिजे म्हणतात. मी विचारतो, कुठल्या गावच्या?

आता घरांकडे वळतो. कारण वस्तीचा खरा इतिहास मशिदींत नसतो, बिऱ्हाडांत असतो.

१८९६ च्या सप्टेंबरात याच भागाला लागून असलेल्या मांडवीत प्लेगचा रोगी सापडला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो रोग ओळखला. पुढच्या महिन्यांत सरकारने जे केलं ते तेव्हाच्या शास्त्राला धरून होतं. रोग अंधारात आणि कोंदट हवेत वाढतो अशी समजूत होती. म्हणून घरांची कौलं काढून आत ऊन सोडलं. भिंतींवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. अर्थ, माणसाला राहण्यास अयोग्य. ती अक्षरं ज्यांच्या घरांवर पडली त्यांतल्या बहुतेकांना ती वाचताही येत नव्हती.

१८९८ साली कायदा करून मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने शहरात रुंद रस्ते कापले. समुद्राचा वारा पश्चिमेकडून दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. उत्तर-दक्षिण सिडनहॅम रोड काढला, तोच आजचा मोहम्मद अली रोड. ज्यांची घरं या रस्त्यांत गेली, त्यांना तेवढ्या संख्येने नवी घरं मिळाली नाहीत. ती माणसं कुठे जाणार? कामधंदा इथेच, जमात इथेच. ती शेजारच्या गल्लीत शिरली. म्हणजे रस्त्यावर वारा खेळू लागला आणि मागच्या गल्लीत गर्दी दुप्पट झाली. सुधारणेचा हा हिशेब तेव्हापासून असाच चालत आला आहे: समोरची बाजू छायाचित्रात येते, मागची येत नाही.

पण न्याय करायचा तर पुरता करू. मोहम्मद अली रोडवरच्या इमारतींचा वरचा भाग फूटपाथवर पुढे आला आहे आणि त्याला खाली खांब आहेत. त्यामुळे भर पावसात छत्री न उघडता माणूस दुकानामागून दुकानं बघत लांबवर चालू शकतो. दारासमोरची जागा मालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. गेल्या सव्वाशे वर्षांत नियोजन करणाऱ्यांनी या भागाला जे जे दिलं, त्यात ही सावली मला सगळ्यांत उपयोगाची वाटते. फेरीवाला तिच्यात बसतो, हमाल पाटी टेकतो, म्हातारा खांबाला पाठ लावून दम खातो.

मागच्या गल्ल्यांत घरं उभी राहिली ती लाकडी सांगाड्याची, तीन-चार मजल्यांची. मध्ये जिना, मजल्यावर रांगेने खोल्या, समोर गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. आमच्या गावच्या जमातीने डोंगरीत अशीच एक खोली घेतली होती. बोटीवर चढणारे आणि बोटीवरून उतरलेले गावकरी तिथे मुक्कामाला असायचे. माझे मामू त्या खोलीत कित्येक वर्षं राहिले. पत्र्याच्या ट्रंका भिंतीला लावलेल्या, प्रत्येकाच्या ट्रंकेवर त्याचं नाव. जमिनीवर झोपायची जागासुद्धा ठरलेली, आणि ती वयानुसार खिडकीकडे सरकत जायची. मी शाळेत असताना सुट्टीत तिथे राहिलो आहे. माझी जागा अर्थातच दाराशी होती. गॅलरीत उभं राहून मामू समोरच्या चाळीतल्या गुजराती शेजाऱ्याशी रस्ता ओलांडून गप्पा मारत. मामू कोकणीत बोलत, तो गुजरातीत. कुणीच आपली भाषा सोडत नसे आणि गप्पा थांबत नसत.

याच परिसराने एका गायकीला आपलं नाव दिलं, हे संगीताच्या जाणकारांना सांगायला नको. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे भाऊ उत्तरेतून मुंबईत आले आणि भेंडीबाजारात स्थायिक झाले. घराण्यांना नावं पडतात ती संस्थानांची नाहीतर गावांची, ग्वाल्हेर, जयपूर, किराणा. बाजाराचं नाव पडलेलं हे घराणं. गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या, आणि लता मंगेशकरांनी तरुणपणी याच घराण्याच्या अमान अली खाँसाहेबांकडे धडे घेतले. ज्या वस्तीच्या भिंतीवर कधीकाळी 'राहण्यास अयोग्य' लिहिलं गेलं, त्या वस्तीच्या नावाने गाणं ओळखलं जातं.

तरीही मी चाळींच्या आरत्या गाणार नाही. त्या आरत्या बहुधा चाळ सोडून गेलेले लोक गातात. दोन इमारतींच्या मध्ये मागच्या बाजूला जी चिंचोळी फट असते तिला मुंबईत घरगल्ली म्हणतात. सांडपाण्याचे नळ तिच्यातून जातात, आणि वरच्या मजल्यांवरून कचराही तिच्यातच येतो. समोर नक्षीदार कठडा, रंगीत काचा, आणि मागे ही घरगल्ली. इमारत आपल्या रहिवाशांना काय लेखते हे बघायचं तर घरगल्लीत डोकवावं. रात्री संडासाला जाण्यासाठी अंधाऱ्या गॅलरीतून जाणाऱ्या बाईला विचारा, शेजार किती गोड होता ते. ती गोड म्हणेलही, पण लगेच नाही.

या इमारती एकदम मोडकळीला आल्या नाहीत. त्यालाही इतिहास आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता. युद्धानंतरच्या टंचाईत गरीब भाडेकरू रस्त्यावर येऊ नये. पण ती तात्पुरती सोय दशकानुदशकं वाढत गेली. भाडं इतकं कमी की मालकाला डागडुजी परवडेना, किंवा परवडत नाही असं म्हणायला सबब मिळाली. पागडी देऊन खोली घेतलेला भाडेकरू म्हणे, घर माझं. मालक म्हणे, घर माझं. गळणाऱ्या छपराची वेळ आली की दोघंही म्हणत, घर त्याचं. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा बेटावरच्या उपकर लागलेल्या इमारती १९,६४२ होत्या. मंडळाने पुष्कळ इमारतींना टेकू दिले. काही टेकू इतकी वर्षं राहिले की त्यांच्यावर दोऱ्या बांधून लोक कपडे वाळत घालू लागले.

२००२ साली या सगळ्याच्या डोक्यावरून पूल गेला. फुले मंडईजवळ चढायचं आणि जे. जे.च्या पुढे उतरायचं. त्याचं अधिकृत नाव कुतुबे-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल. मखदूम अली माहिमी म्हणजे माहीमच्या दर्ग्यातले, चौदाव्या-पंधराव्या शतकातले कोकणी विद्वान, कुराणाचे भाष्यकार. पुलाला त्यांचं नाव दिलं याचा मला आनंद आहे. पण ज्यांच्या दारी सगळ्या धर्मांचे लोक पायी येतात, त्यांच्या नावाचा हा रस्ता असा आहे की त्यावर पायी जाता येत नाही. पुढे दुचाकींनाही मनाई झाली. पूल वळणं घेत दोन्ही बाजूंच्या इमारतींना जवळजवळ खेटून जातो. गाडीतल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरचं वाळत घातलेलं लुगडं दिसतं, स्वयंपाकघरातली शेल्फं दिसतात, आणि ते काय बघतोय हे कळायच्या आत तो पुढे गेलेला असतो. वर्षानुवर्षं ज्या गॅलरीतून लोकांनी रस्ता बघितला, त्या गॅलरीला आता रस्ता बघतो. कित्येकांनी पुलाच्या बाजूला पडदे लावले, पत्रे ठोकले. खाली, पुलाच्या सावलीत, धूर आणि आवाज कोंडून राहतो.

वाहतुकीसाठी पूल हवा होता, हे मला मान्य आहे. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत पोचायला लोकांचा अर्धा तास वाचतो. माझं म्हणणं एवढंच की, पूर्वी शहरातला माणूस या वस्तीतून जाई, आता तो या वस्तीवरून जातो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर या शहरात माणसं आपापल्या लोकांत राहायला गेली. इथलीही कितीतरी कुटुंबं मुंब्र्याला गेली, आणि इथे येणाऱ्यांची पावलंही कमी झाली होती. नेमकी हीच वेळ होती, की लोकांनी या रस्त्यावरून पायी चालावं असं काही करण्याची. त्याऐवजी आपण त्यांना न थांबता निघून जाण्याची सोय करून दिली.

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. शंभराहून अधिक वर्षांची इमारत. ३३ माणसं गेली. ती पाडून नवी बांधण्याचं ठरलेलं होतं. काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलली होती, काही राहिली होती. त्या दिवसापासून जुन्या इमारतींवर हळवं होऊन लिहिताना माझा हात अडखळतो. छप्पर डोक्यावर पडेल की काय या विचाराने जो झोपतो, त्याला आपण लाकडी कठड्याचं सौंदर्य समजावून सांगू नये.

भेंडीबाजारात सध्या जो पुनर्विकास चालू आहे तो या पार्श्वभूमीवर बघितला पाहिजे. बोहरा समाजाच्या पुढाकाराने २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जागा, सुमारे २५० इमारती, सुमारे ३,२०० कुटुंबं आणि साडेबाराशे दुकानं. एकेक इमारत सुटी न पाडता अख्खा समूह एकत्र घ्यायचा, रस्ते रुंद करायचे, माणसांना तिथल्या तिथे मालकीची घरं द्यायची. २०२० साली पहिले दोन मनोरे तयार झाले आणि लोक राहायला गेले. जिथे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं होती, तिथे आता किमान साडेतीनशे चौरस फुटांचं घर आणि घरात स्वतंत्र संडास. नव्या मनोऱ्यात गेलेल्या एका बाईंना मी विचारलं, कसं वाटतं? त्या म्हणाल्या, "पहिल्या रात्री मी चार वेळा उगाचच नळ उघडून बघितला." याच्यापुढे माझी कसोटी बिसोटी सगळी गप्प बसते.

पण थोडा वेळच. कारण त्याच बाई पुढे म्हणाल्या, "भाजीवाला ओरडतो ते इथे वर येत नाही." सुधार ट्रस्टच्या काळी चूक झाली ती घरं पाडण्यात नव्हती, माणूस आणि रस्ता यांचं नातं त्यांच्या कागदावरच नव्हतं, त्यात होती. आज तीच चूक उंच होऊन पुन्हा होऊ शकते. खाली दुकानांचे मजले, त्यावर गाड्यांचे मजले, आणि मग कुठे माणसांचे. विसाव्या मजल्यावरून रस्त्यावरच्या पोराला हाक मारता येत नाही. मोहल्ल्यात रात्री अकराला मुलगी एकटी घरी येऊ शकते, कारण दहा गॅलऱ्यांतून दहा जण उगाचच बघत असतात. त्यांना पगार नसतो, गणवेश नसतो. ते डोळे कमी झाले की त्यांच्या जागी पगारी पहारेकरी आणि कॅमेरे येतात.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. भेंडीबाजार असो, वरळीच्या बीडीडी चाळी असोत की गिरगाव, जुनं पाडताना चार गोष्टी पाळा. एक, खांबांवरची ती फूटपाथची सावली नव्या इमारतींतही सक्तीची करा. ती आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी जमली होती. दोन, निदान पहिले तीन-चार मजले माणसांना द्या, गाड्यांना नको. तीन, पाडण्याआधी इमारत मोजा. तिचे नकाशे काढा, कठड्यांची, जिन्यांची, दारावरच्या पाट्यांची छायाचित्रं घ्या. कुठल्या खोलीत कुठल्या गावची माणसं होती हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. वास्तुकला शिकवणारी महाविद्यालयं या शहरात कमी नाहीत. एकेका वर्गाने एकेक गल्ली घेतली तरी काम होईल. आणि चार, नावं बदलू नका. मनोऱ्यांना अरबी, फारसी, इंग्रजी हवी ती नावं द्या, पण पत्त्यात खडक राहू द्या, उमरखाडी राहू द्या, पायधुणी राहू द्या.

आणि तुम्हाला एक सुचवतो. कधी फुले मंडईपाशी आलात तर गाडी पुलावर घालू नका. खाली उतरा आणि खांबांच्या सावलीतून जे. जे.पर्यंत चालत जा. गर्दी आहे, धक्के बसतील, नाक मुठीत धरावं असेही दोन-तीन कोपरे आहेत. वाटेत मान वर करून इमारतींकडे बघा. काहींवर बांधल्याचं साल आहे, काहींवर मोर आहेत, वेली आहेत, कुणा मालकाने हौसेने घातलेली आद्याक्षरं आहेत. त्यांतल्या काही पुढच्या वर्षी तिथे नसतील.